मदत हवी आहे : खाडीकाठी भराव न घालता घराचा पाया कसा करावा?

नमस्कार मंडळी, मालवण तालुक्यात खाडीकाठी आमची थोडी वडिलोपार्जित जागा आहे, खालच्या अंगाला कांदळवन. भरतीरेषेपासून ५० मीटर सोडूनच घर बसतंय, परवानगी हातात आहे, त्यामुळे प्लीज इथे सीआरझेडवर (किनारपट्टीवरच्या बांधकामाचे नियम) वाद नको. अडलंय ते पायावर.

कौलारू घर, फक्त तळमजला. गवंडीदादा म्हणतात पाच फूट मुरूम टाका, रोलर फिरवा आणि वर चिऱ्याचं जोतं घ्या, "सगळे असाच करतत". शेजाऱ्यांनी तसंच केलं, तिसऱ्या पावसाळ्यात त्यांच्या पायऱ्या घरापासून चार बोटं सुटल्या, आता त्या फटीतून मुंगूस ये-जा करतं.

म्हणून बोअर मारून बघितलं. वर दोन फूट जुना मुरूम, मग साडेपाच मीटरपर्यंत काळा चिखल, त्यात कालवांची शिंपलं आणि कुजक्या अंड्यासारखा वास. एसपीटीचा (ठोके मारून जमिनीचा घट्टपणा मोजायची चाचणी) आकडा २-३च, म्हणजे अगदी मऊ, त्याखाली जांभा. भरतीला पाणी जमिनीखाली तीन फुटांवर येतं.

हिशोब केला तर हसू आलं. मुरूम घनमीटरला १.८ टन धरला तर दीड मीटर भरावाचंच वजन चौरस मीटरला २.७ टन, आणि इंजिनियरने अख्ख्या घराचं सरासरी काढलंय दीड टन! म्हणजे घर चिखलात जायच्या आधी भरावच जाणार, वर उधाणाचं पाणी अडून शेजारच्या कुणग्यात (भातशेतात) घुसणार ते वेगळंच.

मला घर पाइलवर (जांभ्यापर्यंत भोक पाडून ओतलेले काँक्रीटचे खांब) उचलून खालून पाणी जाऊ द्यायचंय. पण भोक ढासळू नये म्हणून बेंटोनाइट (पाण्यात कालवलेली चिकणमाती) वापरतात म्हणे, तो राडा शेवटी कांदळवनातच उतरणार ना? स्क्रू पाइल (जमिनीत पिळून घालायचे लोखंडी खांब) इथे खाऱ्या पाण्यात टिकतील का? कोणी केलंय का असं?

प्रतिसाद १
बेंटोनाइटशिवाय होतं. लोखंडी लायनर (भोकाला आतून धरणारा पाइप) जांभ्यापर्यंत उतरवायचा आणि आतला चिखल काढून ट्रॉलीने बाहेर न्यायचा, तिथेच पसरला तर सगळं मुसळ केरात. स्क्रू पाइल मी तरी घालणार नाही, खारं पाणी आणि ओलं-सुकं होणारा पट्टा लोखंडाला खातो. काँक्रीट एम ३५ ताकदीचं, कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) किमान ५० मिमी, स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी) घातलेलं सिमेंट. पाइलची डोकी टाय बीमने (जोडणाऱ्या आडव्या तुळयांनी) दोन्ही दिशांना बांधा, चिखल बाजूने आधार देत नाही आणि कोकणातला वारा माहितीये तुम्हाला. आणि पाइल झाल्यावर "अंगणापुरता" म्हणून भराव टाकू नका, चिखल बसताना पाइलला खाली ओढतो, ते वजन डिझाइनमध्ये कोणी धरलेलं नसतं.

धागाकर्ता
खूप आभार! अंगणाचा भराव आमच्या यादीत होताच, खोडला. आता एकच, वाट आठ फुटी आणि दोन्हीकडे गडगा (दगडी कुंपण), काका गडग्याचा एक चिरा हलवू देणार नाहीत. तिपाईवाली छोटी रिग (भोक पाडायचं यंत्र) सुटी करून आत नेता येते का?