टॅब उडवला तरी डॉक्युमेंट ८०० एमबीच!

लेथवाला: मंडळी, क्लाउड कॅडमध्ये (इंटरनेटवर चालणारं डिझाइन सॉफ्टवेअर) कन्व्हेयरची असेंब्ली, म्हणजे सगळे भाग जोडलेलं मॉडेल आहे, व्हेंडरने दिलेली मोटरची स्टेप फाईल (थ्रीडी मॉडेलची फाईल) नव्या टॅबमध्ये टाकली आणि साइज फुगली, म्हणून तो टॅब उडवला तरी आकडा हलायला तयार नाही, काय करू?

नटबोल्ट: अरे टॅब गेला पण हिस्टरीत तो आहेच ना, जुन्या व्हर्जनला परत जाता यावं म्हणून सगळं धरून ठेवतात. चालू वर्कस्पेसची, म्हणजे आत्ता काम चाललंय त्या आवृत्तीची कॉपी नवीन डॉक्युमेंट म्हणून काढून बघ, हिस्टरी मागे राहते. फक्त जुनं लगेच डिलीट नको करूस, ड्रॉइंगच्या लिंका आधी बघ, मी एकदा घाईत उडवलं आणि रात्रभर लिंका जोडत बसलो

स्वातीताई: स्कॅनची एसटीएल (त्रिकोणांच्या जाळीने बनलेली थ्रीडी फाईल) असेल तर तीपण बघा. बायनरीत एका त्रिकोणाला ५० बाइट, म्हणजे १० लाख त्रिकोण असले की ५० एमबी गेलेच. आस्की, म्हणजे आकडे साध्या मजकुरात लिहिलेली असेल तर विचारूच नका, अजून मोठी.

लेथवाला: कॉपी काढली, ९० एमबी 😀 मोटरच्या आत बेअरिंगचे छर्रेसुद्धा मॉडेल केले होते हो, स्क्रूला खरे आटे! आता नुसता डबा आणि शाफ्ट ठेवलाय.