मदत हवी आहे: डोल जाळ्याचा खोला किती आसाचा बसवावा? (माशांच्या किमान आकाराचा नियम आणि नोटीस)

खारवारा

नमस्कार मंडळी,

इथे मासेमारीवर याआधी धागे झालेत, म्हणून आशेने लिहिते आहे. आम्ही वसईकडचे कोळी. बाबांची डोलीची बोट आहे. (डोल म्हणजे खुंटांना बांधून प्रवाहात लावायचं जाळं, खोला म्हणजे त्याच्या मागच्या टोकाची पिशवी, आणि आस म्हणजे जाळ्याचं भोक.) मी स्वतः नोकरी करते, पण घर बोटीवरच चालत आलंय आणि कागदपत्रं सगळी माझ्याकडे असतात.

मे महिन्यात बंदरावर तपासणी झाली. बाबांच्या टोपल्यांतले बोंबील पट्टीने मोजले, पापलेटची पिल्लं बाजूला काढली, फोटो काढले आणि एका कागदावर बाबांची सही घेतली. त्या कागदाची प्रत आम्हाला मिळाली नाही. बाबांना वाटलं, समज देऊन सोडलं. आता जुलैमध्ये कारणे दाखवा नोटीस आली आहे. कमी आकाराचे मासे पकडले म्हणून कारवाई का करू नये, असं विचारलंय आणि सुनावणीची तारीख दिली आहे. ती पुढच्या आठवड्यात आहे.

आधीच सांगते, मासे लहान होते हे खरं आहे. खोटं बोलून सुटायचा सल्ला मला नको आहे. नियम सप्टेंबर 2023 मध्ये आला. राज्यात 54 जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरला, त्यात पापलेट 135 मिलिमीटर आणि बोंबील 180 मिलिमीटर. त्याच महिन्यात पापलेटला राज्य मासा म्हणून मान मिळाला, तेव्हा बाबांनी पेपरातली बातमी कापून देव्हाऱ्याशेजारी लावली होती. ते नियमाच्या विरोधात नाहीत. तेच म्हणतात की त्यांच्या तरुणपणी बोंबील वलांडीवर, म्हणजे सुकवायच्या मांडवावर, टांगला की खाली लोंबायचा, आता दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवले की मधे बोटभर जागा उरते.

पण डोल कशी चालते ते माहीत असणाऱ्यांना आमची अडचण कळेल. आम्ही माशामागे जात नाही. खुंट रोवलेले असतात, जाळं प्रवाहाच्या तोंडाला लावायचं आणि उधाणाचं पाणी जे आणेल ते खोल्यात जमा होतं. पाणी थांबलं की जाळं उचलायचं. तोपर्यंत खोल्यातला मासा चेपून मेलेला असतो. बोंबील तर नुसतं पाणी, तो हातात घेतला तरी मोडतो. लहान मासा निवडून परत टाकला तरी तो जगत नाही. मग नियम पाळायचा कुठे, टोपलीत की जाळ्यात?

1 ऑगस्टला मासेमारीची पावसाळी बंदी उठेल. जाळी घरासमोर पसरली आहेत, खोले बदलायचेत. माझे प्रश्न:

सुनावणीला काय घेऊन जावं, काय बोलावं? बाबा म्हणतात दंड भरून मोकळं होऊ. मला भीती आहे की नाव एकदा नोंदलं गेलं तर परवान्यावर आणि डिझेल परताव्यावर परिणाम होईल.

आणि दुसरा, माझ्यासाठी मोठा प्रश्न: नवीन खोला किती आसाचा घ्यावा, म्हणजे लहान बोंबील आणि पापलेटची पिल्लं निसटतील पण घरही चालेल? जाळ्याच्या दुकानात तीन माणसांनी तीन आकडे सांगितले.

---

जुना दर्यावर्दी

ताई, माझं आयुष्य मत्स्यव्यवसायाच्या कामात गेलं, आता निवृत्त आहे. आधी नोटिशीचं.

दंड भरून मोकळं व्हायची घाई करू नका. 1981 च्या सागरी मासेमारी नियमन कायद्यात 2021 मध्ये मोठी दुरुस्ती झाली. आधी अशी प्रकरणं तहसीलदारांपुढे चालायची. आता निर्णय मत्स्यव्यवसाय खात्याचे सहायक आयुक्त देतात. तुमच्या दृष्टीने हे बरं आहे, कारण समोरच्या माणसाला डोल आणि जाळं ओढत नेणारा ट्रॉलर यांतला फरक शिकवावा लागत नाही. बाजू मांडायची संधी हा तुमचा हक्क आहे, उपकार नाही.

जाण्याआधी लेखी अर्ज देऊन पंचनाम्याची आणि फोटोंची प्रत मागा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पंचनाम्यात जाळ्याचा प्रकार काय लिहिलाय ते बघा. 'ट्रॉल' लिहिलं असेल तर तिथेच हरकत घ्या. एकूण मासळी किती, त्यातली लहान किती, कोणत्या जातीची, लांबी कुठून कुठपर्यंत मोजली, हे नोंदलंय का तेही पाहा. माशाची लांबी मोजायच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत: तोंडापासून शेपटीच्या टोकापर्यंत किंवा शेपटीच्या खाचेपर्यंत. माकुलाचं नुसतं अंग मोजतात, खेकड्याचं कवच आडवं मोजतात. पापलेटची शेपटी लांब आणि खाचेची असते, तिथे मोजण्याच्या पद्धतीने चांगला फरक पडतो.

बोटीची नोंदणी, परवाना आणि मच्छीमार संस्थेचं पत्र सोबत न्या. आणि जे इथे लिहिलंत तेच तिथे लेखी द्या: मासे लहान होते, जाळं डोल आहे, या हंगामापासून आम्ही खोला बदलतो आहोत. नव्या खोल्याचं बिल जोडता आलं तर फारच उत्तम. आदेश निघाला तर प्रत त्याच दिवशी मागा, कारण अपिलाची मुदत मोजकी असते.

खोल्याबद्दल रात्री सविस्तर लिहितो.

---

दालदी

मी सातपाटीच्या बाजूचा. आमची जाळी वेगळी, आमच्या जाळ्यात मोठाच पापलेट अडकतो. राग मानू नका, पण डोलीच्या खोल्यात पापलेटची पिल्लं किती जातात ते आम्ही डोळ्यांनी पाहतो. नखाएवढी, रुपयाएवढी पिल्लं. ती वर्षभर जगली असती तर तुमच्या आमच्या दोघांच्या पोटाला आली असती. आमच्याकडच्या संस्था बंदी 15 मेपासून करा म्हणून किती वर्षं सांगतायत, ते याचसाठी. कवींवरून, म्हणजे समुद्रातल्या जाळी लावायच्या जागांवरून, आपल्या दोन्ही बाजूंची भांडणं जुनी आहेत, ती इथे काढत नाही.

तुमच्या बाबांनी खोला बदलायचं मनावर घेतलं, हे वाचून बरं वाटलं. सुनावणीला माणूस सोबत हवा असेल तर सांगा. मी येईन.

---

खारवारा

दालदीदादा, राग कसला. बाबांना वाचून दाखवलं. ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "खरं लिहिलंय त्याने."

---

देवगडचा वारा

नियम फक्त डोलवाल्यांना का दाखवतात? आमच्याकडे रात्री एलईडीच्या उजेडात समुद्र धुऊन नेतात. त्याला 5 लाखांपासून 20 लाखांपर्यंत दंड आहे. पर्ससीनवर, म्हणजे थव्याला वेढा घालणाऱ्या मोठ्या जाळ्यांवर, 2016 पासून निर्बंध आहेत, 1 सप्टेंबर ते 31 डिसेंबर एवढीच मुभा. तरी जे चालतं ते चालतंच. लहान बोटवाला बंदरावर सापडतो, मोठा समुद्रात सापडत नाही.

---

जुना दर्यावर्दी

देवगडकर, तुमचं दुखणं खरं आहे. जानेवारी 2025 पासून ड्रोनने पाहणी सुरू झाली ती त्याचसाठी. पण त्यासाठी वेगळा धागा काढा, मी तिथे नक्की लिहीन. या ताईंची सुनावणी जवळ आली आहे.

आता खोला.

दुकानात तीन आकडे का मिळाले ते आधी सांगतो. कोणी आस ताणून सांगतो, कोणी एका बाजूची लांबी सांगतो. जाळं ओढून धरल्यावर एका गाठीपासून समोरच्या गाठीपर्यंत 40 मिलिमीटर भरत असेल, तर त्याची एक बाजू 20 भरते. म्हणजे एकाच जाळ्याला एक माणूस चाळीस म्हणतो आणि दुसरा वीस. दुकानात गेल्यावर आकडा विचारू नका. जाळं हातात घ्या, भिजवा, ताणा आणि स्वतः पट्टी लावा.

दुसरी गोष्ट आकाराची. नेहमीचा आस शंकरपाळ्यासारखा असतो. खोल्यात मासळी भरली, पाण्याचा ओढ बसला की तो लांबट होऊन मिटतो. मग आस कितीही मोठा घ्या, पिल्लाला वाट राहत नाही. चौकोनी आसाचं जाळं ओढ बसला तरी उघडं राहतं. ट्रॉलच्या खोल्याला 40 मिलिमीटर चौकोनी आस सक्तीचा केला, त्यामागे हेच कारण आहे. तुमच्या डोलीतही नुसता आस वाढवून काम होणार नाही, आकारही बदलायला हवा.

पण सगळे खोले एकदम बदलू नका. आपल्याकडे प्रवाह वेगळा, तळ वेगळा, खुंटांची जागा वेगळी. शास्त्रज्ञ जे करतात ते तुम्हीही करू शकता. एका जाळ्याला नवीन चौकोनी खोला लावा आणि त्याच्यावरून, बाहेरून, तुमचा जुना बारीक आसाचा खोला सैल पिशवीसारखा चढवा. आतल्यातून जे निसटेल ते बाहेरच्यात सापडेल. जाळं वर आलं की आतला आणि बाहेरचा ढीग वेगळा ठेवा, मोजा आणि वहीत लिहा. एक उधाण असं केलंत की कोणत्या आसाने किती लहान बोंबील गेला आणि मोठा किती गमावला, याचा हिशोब तुमच्या हातात येईल. तो दुकानदारही देणार नाही आणि मीही देऊ शकणार नाही. बाहेरची पिशवी मात्र चांगली सैल हवी. आतल्या खोल्याला चिकटली तर आस झाकले जातात आणि सगळा खटाटोप फुकट.

हा प्रयोग करण्याआधी सुनावणीतच लेखी कळवून ठेवा. नाहीतर बारीक आसाची पिशवी बघून दुसरी नोटीस यायची.

जवळ्याचं काय, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण येणारच. चौकोनी चाळीसमध्ये जवळा राहणार नाही. ते नुकसान आहेच, मी ते लपवत नाही.

---

माशाची पाटी

ताई, मी बाजारात बसते. बारीक बोंबील आणला तर आता गिऱ्हाईकही विचारतं, एवढासा कशाला आणला? आणि सुकवायला बारीक घेतला तर ऊन लागल्यावर उरतो काय, काटा. मोठा बोंबील थोडा आला तरी त्याचं मोल होतं. आईला विचारा, ती सांगेल.

अजून एक. जाळ्यात कासव किंवा डॉल्फिन अडकला आणि जाळं कापून सोडावा लागला तर सरकार 25 हजारांपर्यंत भरपाई देतं. कांदळवन प्रतिष्ठान आणि मत्स्य खातं मिळून ती योजना चालवतात. मोबाइलवर फोटो काढून ठेवायला सांगा बाबांना. आमच्या आळीत दोघांना माहीत नव्हतं.

---

खारवारा

सगळ्यांचे मनापासून आभार. सुनावणी झाली, म्हणून लिहिते.

पंचनाम्याची प्रत मिळाली. जाळ्याच्या रकान्यात 'डोल' बरोबर लिहिलं होतं, पण लांबी कशी मोजली त्याचा उल्लेख नव्हता. आम्ही तो मुद्दा लेखी दिला आणि त्याच्या वरच्याच ओळीत मासे लहान होते हेही लिहिलं. दालदीदादा खरंच आले, पहाटेची गाडी पकडून. साहेबांनी त्यांना विचारलं, तुम्ही कोण? ते म्हणाले, "यांच्या डोलीमुळे माझा पापलेट जातो, म्हणून मी यांच्या बाजूने आलोय." बाबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मी बाबांना परक्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवताना कधी पाहिलं नव्हतं.

निर्णय राखून ठेवला आहे. आदेश आला की प्रत घेऊन इथे कळवीन.

घरी आल्यावर बाबांनी बोटीतली मासळी निवडायची फळी काढली. माझ्याकडून मोजपट्टी मागून घेतली आणि दाभणाने दोन रेघा कोरल्या, एक 135 वर आणि एक 180 वर. कोरलेल्या जागी डांबर भरलं, म्हणजे पाण्याने जाणार नाही. मग आईच्या डब्यातला सुका बोंबील आणून त्या रेघेवर ठेवला. सुकून आखडलेला, तरी रेघेच्या बाहेर गेला. "हा बघ, हा जुना," म्हणाले.

जुने दर्यावर्दी काका, एक प्रश्न उरलाय. चौकोनी आसाचं जाळं आमच्या दुकानात तयार मिळत नाही, मागवावं लागेल आणि आठ दिवस लागतील म्हणतात. नेहमीचंच जाळं तिरकं कापून, पंचेचाळीस अंशांत वळवून शिवलं तर आस चौकोनी राहतो, असं बाबांचं म्हणणं आहे. त्यांनी हाताएवढा तुकडा शिवून दाखवला आणि ताणल्यावर तो खरंच उघडा राहिला. पण कापलेल्या कडेच्या गाठी ओढीला टिकतील का? कोणी असा खोला वापरला असेल तर कृपया लिहा. 1 ऑगस्टला नऊ दिवस राहिलेत, आणि मागवायचं तर उद्याच पैसे भरावे लागतील.

---

जुना दर्यावर्दी

बाबांचं बरोबर आहे, तसंच करतात. कापलेली कड उघडी ठेवू नका. दोन-तीन आस दुमडून आत घ्या आणि जाड दोऱ्याने दुहेरी शिवण घाला, मधेमधे गाठ मारत. जाळं गाठींचं असेल तर गाठी सरकत नाहीत ना, ते एकदा ओल्या जाळ्यावर तपासा. सरकत असतील तर बिनगाठीचं मागवा, त्याला आठ दिवस लागले तरी चालतील. पहिल्या उधाणाला एकच जाळं नवीन लावायचं आहे, बाकीची नंतर.

आणि त्या फळीचा फोटो टाका.