बी विंगचा ग्रुप: बेसमेंटमधली लाल गाडी

सुलभा जोशी, बी-१०१: सुप्रभात 🙏 आज परत पावणेसातला ती लाल गाडी सुरू झाली. व्हूंऽऽ, मग शांत, मग परत व्हूंऽऽ. आमची बेडरूम बरोबर वर आहे हे मी दिवाळीपासून सांगते आहे. नातू दचकून उठला. संबंधितांनी कृपया नोंद घ्यावी.

पाटील, सचिव: नोंद घेतली आहे.

सुलभा जोशी, बी-१०१: मागच्या वेळीही घेतली होती.

निखिल, बी-४०४: काकू, सॉरी. पण मी रेस देत नाही हो. ॲक्सिलरेटरवर पायच नसतो. आरपीएमचा (इंजिनाच्या फेऱ्यांचा) काटा १००० वरून १८०० ला जातो, खाली येतो, परत वर. तेच शोधतोय.

देसाई, बी-५०१: हे सगळं ई-२० पेट्रोलमुळे, म्हणजे वीस टक्के इथेनॉलवाल्या. जुन्या गाड्यांची वाट लागली आहे. खालचा मेसेज सर्वांनी वाचा.
_(फॉरवर्ड केलेला मेसेज)_

बंटी, बी-६०२: निखिलदादा, सॅन स्टॉर्म आहे ना ती? गोव्यात बनलेली स्पोर्ट्स कार? मी शाळेत असताना एकदाच पाहिली होती. फोटो टाक ना!

सुलभा जोशी, बी-१०१: फोटो नको. आवाज पुरे आहे.

गोखले, बी-२०३: निखिल, "वर-खाली" म्हणून भागत नाही. लयीत होतं की कसंही? प्लग किंवा कॉइल गेली तर मिसिंग येतं, इंजिन थरथरतं. हे तर आरामात हेलकावे खातंय, मी जिन्यातून ऐकलं आहे. याला हंटिंग म्हणतात. सुरू केल्या केल्या होतं की गरम झाल्यावर?

निखिल, बी-४०४: गरम झाल्यावर काका. टेंपरेचरचा काटा मध्यावर आला की सुरू. प्लग नवे टाकले, नाना पेठेत शोधून आयडलची (पाय न देता इंजिन चालू राहील एवढी हवा सोडणारी) स्टेपर मोटर बदलली, थ्रॉटलचा (हवेच्या झडपेचा) सेन्सर बदलला. गॅरेजवाला आता ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) म्हणतोय.

गोखले, बी-२०३: ईसीयू म्हणणारच. बाकीचं विकून झालं.

मोहिते, खजिनदार: पार्टला पैसे आहेत, छान. बी-४०४ चा दोन तिमाहीचा मेंटेनन्स येणे आहे. सहज आठवण 🙏

निखिल, बी-४०४: मोहिते सर, हे पर्सनलवर बोलता आलं असतं.

मोहिते, खजिनदार: पर्सनलवर तीनदा बोललो. निळ्या टिका दिसतात.

गोखले, बी-२०३: विषयावर या. हे रेनोचं ११४९ सीसी इंजिन. यात हवा थेट मोजणारा मीटर नाही, मॅनिफोल्डमधला (इंजिनात हवा नेणाऱ्या नळकांड्यातला) दाब बघून ईसीयू हवेचा हिशोब करतो. आता कुठून तरी चोरटी हवा आत शिरली. दाब वाढला, त्याने पेट्रोल वाढवलं, आरपीएम चढला. पण थ्रॉटल तर बंद! मग त्याला वाटतं ड्रायव्हर पाय काढून उतारावर चालला आहे, म्हणून तो पेट्रोल तोडतो. आरपीएम पडतो, इंजिन विझायच्या आत पेट्रोल परत येतं, पुन्हा वर. थंड इंजिनात ही तोडायची मर्यादा वर असते म्हणून सुरुवातीला गाडी शहाण्यासारखी चालते. जोशी वहिनींना रोज ऐकू येतं ते हेच.

सुलभा जोशी, बी-१०१: गाडीला उतार वाटत असेल तर तिला खरंच उतारावर नेऊन सोडा.

बंटी, बी-६०२: 😂😂

देसाई, बी-५०१: इथेनॉलमुळे रबर फुगतं. वरचा मेसेज वाचा.
_(फॉरवर्ड केलेला मेसेज)_

गोखले, बी-२०३: वाचला. त्यात डिझेल गाड्यांचाही उल्लेख आहे, त्यावरून काय ते कळलं.

डॉ. अपर्णा, बी-३०४: आवाजाचं जाऊ दे, बेसमेंटमध्ये इंजिन इतका वेळ चालू ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डोकं दुखलं की माणूस ॲसिडिटी समजून बसतो. तिथे वॉचमनची पोरं खेळतात.

पाटील, सचिव: एक्झॉस्ट फॅनची कोटेशन्स आली आहेत. मागच्या सभेत कोरम झाला नाही.

मोहिते, खजिनदार: कोटेशन नाही, दरोडा आहे तो. जिना रंगवला त्याच माणसाचा मेव्हणा.

पाटील, सचिव: मोहिते साहेब, हे लेखी द्या.

कदम, बी-२०१: गाडीचा नंबर जीए आहे. दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर इथला नंबर घ्यावा लागतो. सहज माहितीसाठी.

निखिल, बी-४०४: घेतोय कदम काका. एनओसी आली आहे. तुमची स्कूटर माझ्या स्लॉटमध्ये किती महिने आहे तेही सहज माहितीसाठी सांगा.

शेख, बी-३०५: निखिल, संध्याकाळी सहाला गाडी बाहेर काढ, गेटजवळ उघड्यावर. मी येतो. कार्ब क्लीनरचा स्प्रे आणू नकोस, गरम सायलेन्सरवर उडाला तर पेटेल. कापड आणि नोजप्लायर आण.

गोखले, बी-२०३: आधी स्टेपरचं भोक बोटाने बंद करून बघा. एअर फिल्टरचा पाइप काढला की थ्रॉटलच्या तोंडाशी दिसतं. इंजिन बंद पडलं तर हवा त्याच वाटेने येते आहे. चालूच राहिलं तर दुसरं दार उघडं आहे.

शेख, बी-३०५: तेच करणार होतो काका. तुम्हीही या.

गोखले, बी-२०३: गुडघा दुखतो आहे. बघतो.

_(संध्याकाळी)_

बंटी, बी-६०२: लाइव्ह अपडेट: गोखले काका खुर्ची घेऊन पहिल्या रांगेत.

निखिल, बी-४०४: बोट लावलं. बंद पडायला हवी होती, पण १२०० वर मजेत चालू राहिली!

शेख, बी-३०५: मग एकेक नळी कापडातून प्लायरने दाबत गेलो. व्हॉल्व्ह कव्हरवरून मॅनिफोल्डला जाणारी ब्रीदरची नळी दाबली आणि हेलकावे थांबले. वरून ठणठणीत दिसते, खालच्या बाजूला वळणावर बोटभर चीर. आरशाशिवाय दिसत नाही.

गोखले, बी-२०३: आणि तरीही १०५० च्या खाली येईना. का, तर कुणीतरी थ्रॉटलचा स्टॉप स्क्रू फिरवून ठेवला आहे. त्यावरचं कंपनीचं सील तुटलेलं मी स्वतः पाहिलं. आयडल मिळेना म्हणून स्क्रू पिळायचा हा कार्बोरेटरच्या काळातला हात. या गाडीत तो स्क्रू हलवायचाच नसतो. थ्रॉटलचं पाते पूर्ण मिटत नाही, मग नवी स्टेपर मोटर तरी काय करणार?

निखिल, बी-४०४: म्हणजे मोटर आणि सेन्सर उगाच बदलले 😐

मधुरा, बी-४०४: मी काही बोलत नाहीये.

देसाई, बी-५०१: रबरच फाटलं ना शेवटी? सकाळपासून काय सांगतो आहे? वाचा.
_(फॉरवर्ड केलेला मेसेज)_

गोखले, बी-२०३: देसाई, त्या नळीतून पेट्रोल जात नाही. ऑइलची वाफ जाते. वीस वर्षं गरम वाफ खाऊन रबर कडक होऊन तडकलं आहे.

देसाई, बी-५०१: रबर ते रबरच.

शेख, बी-३०५: निखिल, नवी नळी ऑइलला टिकणारीच घे, प्लंबरकडची पाण्याची नको, व्हॅक्युमने चिपकून बसते. पेट्रोलच्या नळ्या पण जुन्या आहेत, त्या आताच बदल. तिथे देसाई काकांचं म्हणणं ऐक, इथेनॉल जुन्या रबराला खरंच चांगलं नाही.

देसाई, बी-५०१: धन्यवाद शेख. कुणाला तरी कळतं.

निखिल, बी-४०४: उद्या नळी आणतो. स्क्रू गोखले काकांसमोरच मागे घेऊ, पाते अडकणार नाही एवढी फट ठेवून. तोपर्यंत गाडी बाहेरच उभी आहे, व्हिजिटर पार्किंगमध्ये.

कदम, बी-२०१: व्हिजिटर पार्किंगमध्ये उद्या माझे व्याही येणार आहेत. ग्रुपवर आधीच कळवलं होतं.

निखिल, बी-४०४: मग तुमची स्कूटर माझ्या स्लॉटमधून काढा, मी गाडी आत ढकलून लावतो. इंजिन सुरू न करता.

पाटील, सचिव: ढकलताना बंपरला हात लावू नका, फायबर आहे. फॅनसाठी ज्यांची संमती आहे त्यांनी फक्त अंगठा दाखवावा, चर्चा नको.

मोहिते, खजिनदार: कोणत्या कोटेशनला?