पाठलाग कमी नाहीत, श्वास घ्यायला जागा कमी आहे

'हेरपटांच्या उत्तरार्धात हाणामारी वाढली की तपास मरतो' असं म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. तपास मरतो तो दोन पाठलागांच्या मधली शांतता कापल्यामुळे. हिचकॉकचा 'नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट' (१९५९) बघा. विमान अंगावर येण्याआधी नायक उजाड रस्त्यावर कितीतरी वेळ नुसता उभा असतो. गाड्या येतात, धूळ उडवून जातात. पार्श्वसंगीत अजिबात नाही. त्यातच तो कोणाची वाट बघतोय हा प्रश्न आपल्या डोक्यात घट्ट बसतो, आणि म्हणून पुढची धावपळ लक्षात राहते. शिवाय तो ज्याला शोधतोय तो माणूसच अस्तित्वात नाही, हे आपल्याला त्याच्या बरंच आधी कळलेलं असतं.

या वादात मध्यंतराचा विषय कुणी काढतच नाही. माझे मामा सोलापुरात एका थेटरात ऑपरेटर होते. दोन हजार फुटांचं रीळ साधारण बावीस मिनिटं चालायचं. बहुतेक इंग्रजी सिनेमांत मध्यंतर नसतं, त्यामुळे मामा रिळं मोजून निम्म्यावर दिवे लावायचे. एकदा हेर दाराच्या कडीला हात घालतो आणि दिवे लागले! खाली शिट्ट्या, आरडाओरडा. पण चहाच्या टपरीवर मराठी, तेलुगू, कन्नड सगळ्यांचा एकच वाद: आत कोण? आपल्याकडच्या लेखकांना मध्यंतर हक्काचं मिळतं, तरी तिथे ते स्फोट ठेवतात. तिथे प्रश्न ठेवायला हवा हो.