सोलापूर : मेडिकलवाल्यानं आईला चुकीची गोळी दिली, पुढं काय करायचं?

मंडळी नमस्कार,
आई सोलापुरात साखर पेठेत एकटीच असते. गेल्या आठवड्यात शेजारचा पोरगा तिची शुगरची गोळी आणायला गेला, चिठ्ठीवर ग्लिमेपिराइड १ मिलिग्रॅम होती, मेडिकलवाल्यानं ४ ची पट्टी दिली. तीच कंपनी, तसंच पाकीट, आकडा तेवढा वेगळा, आईला काय दिसतोय! तिसऱ्या दिवशी पहाटे घामानं चिंब, हात थरथरतायत, शेजारच्या काकूंनी साखरपाणी पाजून रिक्षातनं नेलं. शुगर ४८. दोन दिवस ॲडमिट. आता दुकानदार म्हणतोय, "मावशी, पट्टी आणून द्या, बदलून देतो, पैसे पण परत देतो." मी इथं बसून नुसता चिडतोय. कुणाला काही माहितीय का?

——

अरे पट्टी देऊ नकोस!! आधी काकूंना फोन कर, मग पुढचं वाच.

इकडं यायच्या आधी मी सोलापूर कोर्टात वकिली केलीय, म्हणून सांगतो. ती पट्टी, डॉक्टरची चिठ्ठी, बिल आणि डिस्चार्ज कार्ड हाच तुझा सगळा पुरावा, आणि डिस्चार्ज कार्डावर "गोळीच्या जादा डोसमुळं शुगर उतरली" असं डॉक्टरकडनं लिहून घे, नाहीतर समोरचा वकील म्हणणार की आजी जेवल्याच नसतील.

मग दोन रस्ते, ते एकमेकांत मिसळू नको. एफडीएच्या (अन्न व औषध प्रशासन) सोलापूर ऑफिसात लेखी तक्रार दिलीस तर ड्रग इन्स्पेक्टर दुकान तपासतो, गोळी देताना फार्मासिस्ट हजर होता का ते बघतो (खरं दुखणं बहुतेक तिथंच असतं, सर्टिफिकेट भिंतीवर आणि काउंटरवर बारावीचा पोरगा), लायसन्सवर गदा येऊ शकते. पण आईला त्यातनं एक रुपया मिळत नाही. भरपाईसाठी जिल्हा ग्राहक आयोग, २०१९ चा कायदा, घटनेपासून २ वर्षांच्या आत. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, आणि तिथं बघतात ते औषधाला दिलेले पैसे, मागितलेली भरपाई नाही. वकील लागतोच असंही नाही, ऑनलाइन दाखल होते. गोळी शेजारच्या पोरानं आणली तरी वापरणारी आई, म्हणून ग्राहक तीच, तक्रार तिच्याच नावानं कर.

पोलिसांत जायचं का हे आईला विचार, तुझ्या रागाला नको.

——

दादा, बिल म्हणजे नुसती चिठ्ठी आहे हो, "औषधे" आणि खाली रक्कम.

——

ते तर तुझ्याच पथ्यावर! बिलावर औषधाचं नाव, बॅच नंबर, एक्स्पायरी, फार्मासिस्टची सही लागते. पक्कं बिल व्हॉट्सॲपवर माग, फोनवर नको. काय उत्तर देतो ते जपून ठेव.

——

आत्ताच बोललो. काकू पट्टी घेऊन दुकानाकडं निघालेल्याच, जिन्यातनं परत बोलावलं. आठ गोळ्या शिल्लक आहेत, आईनं शेंगा चटणीच्या रिकाम्या बरणीत घालून देवघरात ठेवल्यात. फोटो सकाळी पाठवते म्हणाली.