खाणवाल्यांचे पेपर आणि अदानींची वाहिनी

म्हादईकाठ:
'एनडीटीव्ही अदानींकडे गेले त्या दिवशी पत्रकारिता मेली, त्याआधी मालक संपादकाच्या खोलीत डोकावतही नसत' असे एक टिपण कालपासून जो तो फॉरवर्ड करतोय. डोके उठले. या गृहस्थांनी एकदा पणजीला यावे. मुक्तीनंतर गोव्यात पेपर काढले कोणी? १९६२ मध्ये 'गोमंतक' चौगुल्यांनी, १९६३ मध्ये 'नवहिंद टाइम्स' धेंप्यांनी. दोन्ही घराणी खाणवाली. आमच्या दोन पिढ्या हेच पेपर वाचत वाढल्या, तेव्हा कोणी सुतक पाळले नाही.

पेठेतला:
कुठे चौगुले, कुठे अदानी! धारावीचा पुनर्विकास त्यांच्याकडे, मुंबईचा विमानतळ त्यांच्याकडे आणि २०२४ पासून एनडीटीव्ही मराठीही त्यांचीच. धारावीची बातमी तिथे कोणत्या डोळ्यांनी बघायची? शिवाय घेतले कसे तेही बघा. एनडीटीव्हीच्या प्रवर्तकांनी, म्हणजे संस्थापक रॉय दांपत्याने, २००९ मध्ये ४०३ कोटींचे कर्ज घेतले होते. देणारी कंपनीच अदानींनी २०२२ मध्ये विकत घेतली आणि कर्जाच्या बदल्यात शेअर मागितले. प्रवर्तक म्हणाले, आम्हाला विचारलेदेखील नाही. नेटवर्क १८ हा वाहिन्यांचा समूह तर २०१४ पासून रिलायन्सकडे आहे.

म्हादईकाठ:
बरे, मग मालकामुळे मत फिरते म्हणता ना? १९६७ चा जनमत कौल घ्या, गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की नाही यावरचा. 'गोमंतक' उघडउघड विलीनीकरणाच्या बाजूने. निकाल? ३४,०२१ मतांनी विलीनीकरण आपटले.

मडगांवकार:
अहो, विलीनीकरणाविरुद्ध लढणारे 'राष्ट्रमत' होते म्हणून! त्यातले उदय भेंब्र्यांचे 'ब्रह्मास्त्र' सदर वाचायला लोक सकाळी वाट बघत. समोर तोडीस तोड पेपर होता, म्हणून मालकाचे चालले नाही. तुमचे उदाहरण तुमच्यावरच उलटले.

पेडण्याचा_भाचा:
आला का कौल परत! ज्या 'राष्ट्रमत'चे गोडवे गाताय, तो मराठीतच निघायचा ना? मराठीचा घात मराठीतूनच करावा लागला, हे लिहा की.

मडगांवकार:
घात? लढा विलीनीकरणाविरुद्ध होता, मराठीविरुद्ध नव्हे. साठ वर्षे झाली, अजून पोटात दुखतेय.

पेडण्याचा_भाचा:
दुखणारच. माझे आजोबा विलीनीकरणविरोधी 'दोन पाने' निशाणीवाल्यांना घाबरले नाहीत, मी तुम्हाला घाबरणार?

माजी_वार्ताहर:
भांडण तुमचे चालू द्या. मी तालुक्याला वार्ताहर होतो. मालकाचा फोन मला एकदाही आला नाही, गरजच नव्हती. वर्धापनदिनाच्या पुरवणीला जाहिरातींचा कोटा असायचा. मानधन पेट्रोलपुरते, बाकी कमिशनवर. साखर कारखान्याच्या अध्यक्षांकडून अर्धे पान आणले की उसाच्या थकीत बिलाची बातमी कोण लिहिणार? मी लिहिली नाही. वाढदिवसांचे मजकूर मात्र रकानेच्या रकाने लिहिले, 'कार्यसम्राट' शब्द तर झोपेतही टाइप केला असता. आणि २००९ चे 'अशोक पर्व' आठवते? तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाणांची तीच स्तुती, शब्दाला शब्द, वेगवेगळ्या मालकांच्या पेपरांत. तिथे कुठे होती एकाची मक्तेदारी?

पेठेतला:
ठीक आहे, फोन न करताही काम होते, मान्य. म्हणजे अदानींचे फोनचे बिल वाचले म्हणायचे. पण मग २०१४ मध्ये 'ट्राय' या दूरसंचार नियामकाने राजकीय पक्ष आणि उद्योगसमूहांना माध्यमांच्या मालकीपासून दूर ठेवा म्हटले होते, ते का गुंडाळून ठेवले?

म्हादईकाठ:
करा की लागू! 'सामना' ठाकऱ्यांकडून काढून घ्यायला कोण जातंय? आणि 'सकाळ' १९८५ पासून पवारांच्या घरात आहे, तुमच्या पुण्यात. तेव्हा कुठे होतात?

पेठेतला:
शाळेत होतो. आणि 'सामना' पक्षाचा आहे हे शेंबडे पोरही जाणते. निष्पक्षपणाचा टिळा लावून बसणाऱ्यांबद्दल बोलतोय मी.

मडगांवकार:
इथे पेठेतल्यांशी सहमत. पहिल्यांदा आणि शेवटचा.

पेडण्याचा_भाचा:
मराठीच्या घाताचे उत्तर अजून आलेले नाही.