रिक्वायरमेंटच्या कामाचे मॅन-डे कसे काढता?

नवखा_बीए
मंडळी, एका सहकारी साखर कारखान्याचं ऊसनोंद ते ऊसबिल असं सॉफ्टवेअर आमच्याकडे येऊ घातलंय. माहिती गोळा करण्यापासून एसआरएसवर (सॉफ्टवेअरने काय काय करायचं त्याचा लेखी दस्तऐवज) सही होईपर्यंत किती मॅन-डे (एका माणसाचं एका दिवसाचं काम) लागतील, ते सोमवारी सांगायचंय. साहेब म्हणाले, "एकूण कामाच्या दहा टक्के धर." पण एकूण काम किती, हेच अजून ठरलेलं नाही! फंक्शन पॉइंट (सॉफ्टवेअर काय काय करणार त्यावरून त्याचा आकार मोजायचं एकक) काढायचे तर काय काय मोजायचं तेही आधी कळायला हवं ना?

गणिती
कोकोमो-२ या अंदाज काढायच्या मॉडेलमध्ये वॉटरफॉलला (एकामागून एक टप्पे संपवायची पद्धत) रिक्वायरमेंटच्या टप्प्यासाठी ७ टक्के धरलेत, रेंज २ ते १५. आणि ते बाकीच्या १०० टक्क्यांच्या वर, त्यातले नव्हेत. साहेबांना हे आधी सांगा.

काटाघर
टक्केवारी राहू दे बाजूला. माणसं आणि कागद मोज. मी याच धंद्यात केस पांढरे केलेत म्हणून सांगतो.

शेती विभाग, वजनकाटा, तोडणी-वाहतूक, ऊसबिल, अकाउंट्स. प्रत्येकाकडे किमान दोन बैठका धर: एक ऐकायला, दुसरी लिहिलेलं वाचून दाखवायला. दोन तासांच्या बैठकीमागे लिहिणं आणि शंका काढणं यात अख्खा दिवस जातो, तो कुणी धरत नाही.

काट्याचं काम सोपं. भरलेलं वजन, रिकामं वजन, पावती. ऊसनोंदही आवरते: आडसाली, पूर्वहंगामी, सुरू, खोडवा, लागणीची तारीख, क्षेत्र. खरे दिवस खातात त्या बिलातल्या कपाती. सोसायटीचं कर्ज, बेण्याची न् खताची उधारी, शेअरची रक्कम. बिल कमी आणि कपाती जास्त झाल्या तर आधी कुणाची वसुली? हे विचारलंस की ऊसबिलाचा क्लार्क अकाउंटंटकडे बघतो, अकाउंटंट एमडींकडे (कार्यकारी संचालक). त्यात ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे १४ दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर वार्षिक १५ टक्के व्याज. ते व्याज सिस्टिमने काढायचं का, हे विचार आणि खोलीतली शांतता बघ.

म्हणून कपातींना वेगळा तीन आकड्यांचा अंदाज लाव. समजा सगळं सुरळीत गेलं तर ३ दिवस, बहुधा ५, अडकलं तर १३. ३ अधिक चार पट ५ अधिक १३, भागिले ६, म्हणजे ६. काट्याला एवढा खटाटोप नको.

आणि गाळप सुरू असताना जाऊ नकोस. शेती अधिकारी फडात, चिटबॉय (तोडणीच्या चिठ्ठ्या बघणारा कारखान्याचा माणूस) फोन उचलत नाही. गाळप संपल्यावर जा, पण तोडणी-वाहतुकीचे करार चालू असतील तेव्हा त्या टेबलाला हात लावू नकोस.

नवखा_बीए
काका, भारी! पण साहेबांना एकच आकडा हवाय.

स्प्रिंटराव
एसआरएस हवंच कशाला? दोन-दोन आठवड्यांनी तयार झालेलं सॉफ्टवेअर दाखवत चला.

काटाघर
@स्प्रिंटराव, टेंडरमध्ये एसआरएसवरच्या सहीला हप्ता बांधलेला असतो. सही नाही तर पैसे नाहीत.

@नवखा_बीए, सोमवारी पक्का आकडा फक्त पहिल्या फेरीचा दे: सगळ्या टेबलांवर फिरून कोरे फॉर्म, पावत्या, मागच्या हंगामाची दोन-चार बिलं गोळा करणं. पुढचा आकडा रेंजमध्ये, आणि खाली एक ओळ टाक: कपातींच्या क्रमावर एमडींचा लेखी निर्णय जितके दिवस उशिरा येईल, तितकी तारीख पुढे. तोंडी "हो हो" चालत नाही तिथे.